बोलणाऱ्या यंत्राचा दाखला

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज मला न्यायला रिक्षा पाठवली. मला! बँकेत खातं उघडायला गेले तेव्हा मॅनेजर माझ्याशी न बोलता अम्मीशी बोलत होता. अंध आहे म्हणजे बहिरीही असणार, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. आणि आज दहिवलीच्या एका कंपनीचे मालक स्वतः जिना उतरून खाली आले. "झिनत मॅडम, सात पायऱ्या आहेत, मग वळण, मग नऊ." मोजून ठेवल्या होत्या त्यांनी.

नाव सिद्धांत. वय माझ्याएवढंच असेल, आवाजावरून. सरकारी दवाखान्यांसाठी यंत्रं बनवतात. आता खरेदीचा नियम बदललाय. यंत्र अंध माणसाला, न वाचता येणाऱ्या माणसाला वापरता आलं पाहिजे, आणि तसं कुणा दिव्यांग तपासनिसानं सही करून दिलं पाहिजे. त्याशिवाय टेंडर उघडतच नाही. तपासनिसाची परीक्षा मी दोन वर्षांपूर्वी हौसेनं दिली होती. पनवेलपासून इकडे कर्जतपर्यंत पास झालेली मी एकटीच, असं ते म्हणाले.

"तुमच्याशिवाय आमचं काही खरं नाही, मॅडम."

बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू. खूप बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

यंत्र हाताळलं. माझ्या छातीएवढ्या उंचीचं, गार पत्र्याचं. आकड्यांची बटणं, पाचावर ठिपका. उजव्या बाजूला जुन्या फोनसारखा रिसीव्हर, हुकाला टांगलेला. पेशंटनं केसपेपरचा नंबर दाबायचा. यंत्रातून चिठ्ठी येते — कुठली गोळी, किती, कधी. ज्याला वाचता येत नाही त्यानं रिसीव्हर उचलून कानाला लावायचा. एक बाई तेच बोलून सांगते.

ती बाई आधी "रिकाम्यापोटी" एका दमात म्हणायची, काही कळायचं नाही. मी सांगितलं, मध्ये थांबवा. दुपारपर्यंत बदललं. मी बोलले आणि यंत्र बदललं!

१५ फेब्रुवारी, शनिवार

खोपोलीहून मधूकाकांचा फोन. अब्बांचे दोस्त. वीस वर्षं टोकनची यंत्रं बनवतात, गॅरेजच्या मागं दोन खोल्यांत. मला वाटलं तब्येत विचारायला केलाय.

"बंद करतोय गं दुकान," म्हणाले. नियम आला, त्याच्याबरोबर प्रयोगशाळेचा दाखला आला. तो काढायला वर्ष जातं, आणि यंत्राची किंमत निघणार नाही इतका खर्च. जिल्ह्यात नऊजण होते ही कामं करणारे. सहाजणांनी आवरलं. उरले तीन. त्यातला एक मुंबईचा. त्याच्या यंत्रावर कानाचं चित्र चिकटवलंय, आत आवाजाचा पत्ता नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या माणसाचा मलाही फोन आला होता — यायची गरज नाही, नुसती सही स्कॅन करून पाठवा. मी फोन ठेवून दिला.

मधूकाका हसत म्हणाले, "माझ्या यंत्राला पहिल्यापासून आवाज होता. कुणी सांगितलं नव्हतं तरी. फक्त कागद नव्हता."

नियम माझ्यासारख्यांसाठी केलाय. काका माझ्यासारख्यांसाठी करत होते. आणि नियमानं दुकान बंद झालं ते त्यांचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आता उरले दोनच, मुंबईवाला आणि आम्ही. तिसऱ्यानंही माघार घेतली. "आम्ही" लिहिलं मी. मी कधीपासून त्यांच्यातली?

४ मार्च, मंगळवार

तिसरा रोजा.

आज काहीतरी झालं. चाचणीचे खोटे पेशंट आहेत — अकरा नंबर, बारा नंबर, असे. बारा नंबरला रिकाम्या पोटी एक गोळी. मी नंबर दाबला, रिसीव्हर उचलला. बाई म्हणाली, "जेवणानंतर दोन." आणि गप्प. आधी गोळीचं नाव सांगते, तेही नाही.

सिद्धांत सरांना हाक मारली. त्यांनी चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर बरोबर — रिकाम्या पोटी, एक. कागद खरा, कानात खोटं.

पुन्हा केलं. बरोबर. पुन्हा. बरोबर. चाळीस वेळा केलं. चाळीसही वेळा बरोबर.

"तुमचा उपास आहे ना," सर म्हणाले. हळूच म्हणाले, चांगल्या मनानं. तरी मला लागलं. उपासानं माणूस थकतो. ऐकू चुकीचं येत नाही. मी तीस वर्षं कानांवरच जगतेय.

६ मार्च, गुरुवार

आज साठ वेळा. दर वेळी नंबर दाबला, रिसीव्हर उचलला, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, ठेवला. एकदाही चूक नाही.

मला भास झाला का?

१० मार्च, सोमवार

अहवालाचा नमुना आला. स्क्रीन रीडरनं वाचून दाखवला. शेवटी दोनच चौकोन. पास. नापास. "पुन्हा तपासावे" असा चौकोन नाही. मी विचारलं, शंका असेल तर कुठं लिहू? सर म्हणाले, "टीप लिहा ना मॅडम, खुशाल लिहा. पण चौकोन एक निवडावा लागेल."

मग जरा वेळानं म्हणाले, "एकतीस मार्चच्या आत खरेदी झाली नाही तर मंजुरी परत जाते. आणि तुम्ही नापास केलंत तर कुणाचं यंत्र येणार, तुम्हाला माहितीय."

माहितीय. कानाचं चित्रवालं.

१२ मार्च, बुधवार

सही केली. पुठ्ठ्याच्या खाचेत पेन धरून करते तशी. पास. खाली टीप: दिनांक ४ रोजी एकदा चुकीची सूचना ऐकू आली, कारण सापडले नाही.

शंभरातून एकदा. एकदाच तर.

घरी येऊन खजुरानं रोजा सोडला. अम्मीनं विचारलं, "झालं काय तुजं काम?" हो म्हटलं. तिनं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३१ मार्च, सोमवार

ईद. शीरखुर्मा चुलीवर होता तेव्हा सरांचा फोन. ऑर्डर मिळाली. आज शेवटच्या दिवशी, सुट्टी असूनही, साडेअकराला. तालुक्यातली सगळी केंद्रं, खालापूरकडचीही. मागं लोक ओरडत होते आनंदानं. दुपारी कंपनीचा माणूस मिठाई घेऊन आला.

अम्मीनं खोका हातात घेऊन वजन पाहिलं. "एवढा मोठा खोका कशाला पाठवला गं त्यानं? तू त्याला असं काय दिलंस?"

"सही," म्हटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

यंत्रं बसली. एकही तक्रार नाही, सर म्हणाले. मी विचारलं, तक्रार कुठं करायची असते? यंत्रावर वेबसाइट छापलीय, म्हणाले.

छापलीय.

१६ मे, शुक्रवार

राहवलं नाही. अम्मीला घेऊन कळंबच्या पुढच्या एका केंद्रावर गेले. नाव इथंही लिहीत नाही.

उकाडा, व्हरांड्यात गर्दी, पोरांची रड. औषधाच्या खिडकीत जया नावाची मुलगी आहे. भली आहे. आधी गोळ्या देताना ती तोंडानं सांगायची — ही सकाळी, ही रात्री. आता तिच्याकडं दोन केंद्रं दिलीत. यंत्र आहे म्हणून. ती गोळ्यांची पुडी देते आणि म्हणते, "पुढं यंत्राला इचारा."

"आंधळी माणसं येतात का?" मी विचारलं.

"चार-पाच. पण फोन समदेच लावतात कानाला, ताई. वाड्यांवरच्या लोकांना कुठं येतंय वाचायला?"

माझ्या मनात चार-पाचच होती. समदे नव्हते.

मी यंत्राशेजारी बाकावर बसून नुसतं ऐकत राहिले. बटणं. चिठ्ठीची खरखर. रिसीव्हर उचलल्याचा आवाज. ठेवल्याचा आवाज. आणि अर्ध्या तासानं लक्षात आलं — ठेवल्याचा आवाज फार लवकर येतोय. बाईचं बोलणं संपायच्या आत. मागचा माणूस म्हणतो, "आटप रं," रिक्षा सुटणार असते, पोर ओढत असतं, आणि माणूस अर्ध्यातच रिसीव्हर टांगून जातो.

मी उठले. रांगेतल्या एका आजोबांनी अर्ध्यात ठेवला. त्यांच्या मागं मी. जयानं माझा म्हणून एक नंबर दाबून दिला. मी रिसीव्हर उचलला.

"...आणि रात्री एक. पाण्यासोबत." मग गप्प.

आजोबांचं उरलेलं वाक्य माझ्या कानात आलं होतं. यंत्राला वाटलं, काम झालं. माझं वाक्य आलंच नाही.

चार मार्चला काय झालं होतं तेही आठवलं. अकरा नंबर ऐकताना अम्मीचा फोन आला होता, मी रिसीव्हर मध्येच ठेवला होता; ते 'जेवणानंतर दोन' अकराचं होतं. त्यानंतर शंभर वेळा मी शेवटपर्यंत ऐकलं. शहाण्यासारखं. सरकारी दवाखान्यात शेवटपर्यंत कोण ऐकतं?

जयाला सांगितलं, यंत्र बंद ठेव. ती कुजबुजली, "बंद केलं की रोजचा पेशंटचा आकडा वर ऑफिसात जात नाय. मग मला इचारतात. मी सांगंन तोंडानं, जमंल तसं."



१७ मे, शनिवार

सरांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दोन ओळींचं काम आहे. आत्ता बसलो तर तासाभरात दुरुस्त होईल."

"मग बसा."

"नाही बसता येत, मॅडम. आतलं काहीही बदललं की ते नवं यंत्र. पहिला दाखला रद्द. पुन्हा प्रयोगशाळा, आधीचा कागद असला तरी कमीत कमी तीन महिने. तोवर सगळ्या केंद्रांवर बेकायदा यंत्र उभं. ते मला काळ्या यादीत टाकतील."

म्हणजे चुकीचं यंत्र कायदेशीर, आणि दुरुस्त केलेलं बेकायदा.

"पाटी लावू," म्हणाले. "सूचना पूर्ण ऐका, अशी."

"पाटी कुणासाठी, सर?"

वाईट माणूस नाही तो. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

२० मे, मंगळवार

खरेदी विभागाला मेल केला. आज उत्तर. तक्रार केंद्रप्रमुखांमार्फतच स्वीकारली जाते. केंद्रप्रमुखांना फोन केला. दाखला आहे ना यंत्राला, म्हणाले. मी म्हटलं, तो दाखला मीच दिलाय. मग तर झालं, म्हणाले.

२९ मे, गुरुवार

जयाला रोज फोन करते. आज नव्वद पेशंट होते. "समद्यांना नाय सांगता आलं, ताई."

५ जून, गुरुवार

काही नाही. रोज काही नाही. फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलते.

११ जून, बुधवार

जयाचा फोन. सकाळी सव्वासातला.

कोंडी नावाची बाई. डोंगरातल्या वाडीवरची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख मिळायची होती. साखर कमी करायची गोळी — सकाळी एक. यंत्रानं तिच्या कानात सांगितलं, तीन वेळा, दोन-दोन, जेवणानंतर. आधीच्या कुणाचं तरी ते पित्ताच्या गोळीचं असणार. कोंडीनं तसं केलं. दिवसाला सहा. नेमानं. चौथ्या दिवशी उठलीच नाही. सून आणि शेजारी झोळी करून तिला खाली रस्त्यापर्यंत घेऊन आले, मग जीपनं कर्जतला.

जिवंत आहे.

१३ जून, शुक्रवार

दवाखान्यात गेले. मी कोण ते सांगितलं नाही. सरकारी कामासाठी आलेय, एवढंच म्हटलं.

कोंडीचा हात हातात घेतला. खरखरीत, हलका. बोटं हलतात, पण धरत नाहीत. शुद्धीवर आलीय, पण कुणाला ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, साखर फार वेळ खाली होती. परत किती येईल सांगता येत नाही.

सून उशाशी बसली होती. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"म्या इचारलं तिला, येवड्या गोळ्या कशाला गं आत्ये? तर बोलली, यंतरानं सांगितलंय. मागल्या टायमाला खिडकीतल्या बाईनं सांगितलं व्हतं, एक. पन बाई कामात असती, इसरत असंल. यंतर कशाला इसरंल?"

मी पायऱ्या न मोजता खाली उतरले. दोनदा अडखळले.

१४ जून, शनिवार

जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात जबाब लिहून दिला. सगळा. चार मार्च, बारा मार्च, सोळा मे, सतरा मे. माझ्या नावासकट. अम्मीनं शेवटी विचारलं, "तुला पकडून नेतील काय?" माहीत नाही म्हटलं. ती भाकऱ्या थापत राहिली. बराच वेळ, दोघींना लागतात त्याच्या दुप्पट.

१९ जून, गुरुवार

पत्र आलं. तक्रारीची दखल घेतली आहे. नियमानुसार फेरतपासणी मूळ तपासनिसाकडूनच करून घ्यायची असते.

मूळ तपासनीस मी.

म्हणजे झिनत बुबेरेच्या तक्रारीवर झिनत बुबेरेनं निर्णय द्यायचा.

संध्याकाळी सिद्धांत सरांचा फोन. आवाज बसलेला. "कंपनीत बावीसजण आहेत. नापास केलंत तर आम्ही संपलो. तुमचंही नाव तपासनिसांच्या यादीतून जाईल. पास करा, मी शब्द देतो, गुपचूप दुरुस्त करतो सगळीकडे. कुणाला कळणार नाही."

गुपचूप. कोंडीचं झालं तेही गुपचूपच झालं. फोन ठेवला. पण इथं लिहिते — मी पाच मिनिटं खरंच विचार केला. दुरुस्त होणार असेल तर काय वाईट, असा.

२५ जून, बुधवार

जिल्ह्याहून तीन अधिकारी जयाच्या केंद्रावर आले. एकाच्या चपला करकरत होत्या, तोच मोठा. मी म्हटलं, ऐकायचं काम तुम्हीच करा, माझा कान नको. बाकीच्या दोघांपैकी एकाला नंबर दाबायला लावला, अर्ध्यातच रिसीव्हर ठेवायला सांगितला. मग मोठ्या साहेबांना नंबर दिला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात ठेवला.

ते ऐकत राहिले. चिठ्ठीचा कागद त्यांच्या दुसऱ्या हातात वाजला.

"पुन्हा," म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मी सही केली. नापास. शेऱ्याच्या जागी लिहिलं — पहिली तपासणी मीच केली होती. ती घाईत केली. शंका असताना पास लिहिलं.

साहेब जाताना म्हणाले, "धाडस केलंत." त्यांच्या बोलण्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते मला आवडलं नाही. का आवडलं नाही, तेव्हा कळलं नाही.

३० जून, सोमवार

मधूकाकांना फोन केला. आता यंत्र कुठलं घेणार, हा प्रश्न आहे. मुंबईवाल्याचा दाखला खोटा निघाला, त्यालाही काढलंय. काकांचं यंत्र आवाजाचं, साधं, अर्ध्यात ठेवलं तरी पहिल्यापासून बोलणारं. मी म्हटलं, मी जाते अधिकाऱ्यांकडं, मी लिहून देते, तुम्ही फक्त दोन यंत्रं उभी करा.

काका म्हणाले, "साचे भंगारात गेले गं, झिनत. एप्रिलमध्ये. कारागीर होता तो तळोज्याला कामाला लागला." मग म्हणाले, "तू जेवलीस का?"

४ जुलै, शुक्रवार

कोंडीला घरी नेली. सुधारणा नाही. वाडीतल्या कुणीही यंत्राविरुद्ध काही लिहून दिलेलं नाही, जया म्हणाली. लिहिणार कोण?

माझं नाव यादीतून काढल्याचं पत्र आलं. चार ओळींचं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

१४ जुलै, सोमवार

आदेश निघाला. जयानं पाठवला, स्क्रीन रीडरकडून तीनदा वाचून घेतला. नियमात एक कलम आहे, मला माहीत नव्हतं. अट पूर्ण करणारं यंत्र बाजारात एकही उपलब्ध नसेल तर ती अट शिथिल करता येते. तशी केली आहे. सगळ्या केंद्रांवर, पुढील आदेशापर्यंत. यंत्रं तीच राहतील, चिठ्ठ्या छापतील. आवाजाची गरज नाही. यापुढच्या खरेदीतही नाही.

आधार म्हणून एकच कागद जोडलाय. माझा २५ जूनचा अहवाल.

दुपारी जयाचा फोन आला. कंपनीचा माणूस येऊन गेला. वायर कापली, रिसीव्हर पिशवीत टाकला आणि पुढच्या केंद्राकडं गेला.